ऐकू आलं की बोट वर

"तिथं नका बसू, नरसिंहराव. इकडं बाकावर या," सुलभा म्हणाली. तोवर ते काचेच्या खोलीत शिरून आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसलेही होते. खुंटीवरचा हेडफोन त्यांनी काढला, कानांवर नीट बसवला, हात मांडीवर ठेवले आणि काचेतून सुलभाच्या चष्म्याकडे बघत राहिले.

"ऐकायला आलं नाही त्यांना, अक्का," शारदाबाई दारातूनच म्हणाल्या. "खुर्ची दिसली की बसतात बघा. सवय."

वीस वर्षांची सवय होती. कारखान्याच्या आरोग्यकेंद्रात दर वर्षी एकदा कानांची तपासणी व्हायची, आणि ती करायला सुलभा. हेडफोनमधून बारीक सूर सोडायचे, माणसानं ऐकू आला की बोट वर करायचं, थांबला की खाली. किती हळू आवाज ऐकू येतो तो आकडा कार्डावर लिहायचा. बस्स, एवढंच काम. ती आत गेली, नरसिंहरावांच्या कानांवरचा हेडफोन आपल्या हातानं काढला आणि त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. ते लंगडत होते. आठ महिन्यांपूर्वी आवारात मागं येणारी बॅटरीची ट्रॉली त्यांच्या पायावरून गेली होती. ट्रॉली भोंगा वाजवत मागं येत होती. तो भोंगा फाटकावरच्या कुत्र्यांनाही ऐकू गेला होता.

पाय बघायला नेलं त्या सरकारी दवाखान्यात कानही बघितले गेले. दोन्ही जवळजवळ संपलेले. कारखान्यानं त्यांना कामाला अपात्र ठरवून घरी बसवलं. हे बहिरेपण ते काम करत त्या पत्र्याच्या खात्यात आलं असं मान्य झालं तर भरपाई मिळणार होती, कानाचं यंत्र मिळणार होतं. नाही तर रिकाम्या हातानं घरी. चौकशी गुरुवारी होती, आणि सुलभाला साक्षीला बोलावलं होतं.

"अक्का," नरसिंहराव म्हणाले. आपला आवाज केवढा मोठा लागतो ते त्यांना कळत नव्हतं. बाहेरच्या रांगेतली माणसं वळून बघू लागली. "तुम्ही एकच गोष्ट सांगायची. हा माणूस कानानं नाही, डोळ्यानं ऐकत होता म्हणून. बास."

सुलभानं दार लावून घेतलं.

"तसं सांगितलं तर तुम्ही कारखान्याला फसवलंत म्हणतील."

त्यांनी बायकोकडं पाहिलं. शारदाबाईंनी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन तेच वाक्य तीनदा सांगितलं.

"म्हणू देत की. मी चोरी केलो म्हणून लिहून देतो. सही करतो. पण कान इथंच गेले का नाही? मी काय कान घेऊन देवळात बसलो होतो?"

"असं ओरडू नका हो. अक्कांना त्रास," शारदाबाई म्हणाल्या. मग सुलभाकडं वळून हळूच, "घरात पण असंच. शेजारची पोरं नक्कल करतात. परवा दूधवाल्याला म्हणाले, स्वल्प जोरात बोल बाबा. तो म्हणाला, आजोबा, मी बोललोच नाही अजून."

त्या हसल्या. नरसिंहरावांनी त्या हसल्या म्हणून हसून घेतलं.

"बघते," सुलभा म्हणाली.

"सरी, बरं," शारदाबाईंनी नवऱ्याला मान हलवून दाखवली, आणि नरसिंहरावांनी सुलभाला दोन्ही हात जोडले. 'बघते' याचा अर्थ त्या दोघांनी 'सांगते' असा घेतला, हे तिला दिसलं. तिनं तो दुरुस्त केला नाही.

दुरुस्त न करणं तिला चांगलं जमत असे.

ही कार्डं खोटी व्हायला सुरुवात झाली ती तिच्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी. खोली अरुंद होती. यंत्राचं टेबल काचेला लागून, आणि तिची खुर्ची आतल्या माणसाच्या समोर. सूर सोडला की यंत्रावर तांबडा दिवा लागायचा. आतल्या माणसाला यंत्र दिसत नसे, पण तिचा चष्मा दिसे, आणि चष्म्याच्या दोन्ही काचांत एकेक तांबडा ठिपका. पत्र्याच्या खात्यातल्या माणसांनी हे शोधून काढलं होतं, आणि एकानं दुसऱ्याला शिकवलं होतं. तिला ते कळलं ते नरसिंहरावांमुळे. त्या दिवशी हेडफोनची पिन यंत्रातून निसटून खाली पडली होती. ती सूर सोडत होती, तो कुठंच जात नव्हता, आणि नरसिंहराव दर खेपेला अगदी वेळेवर बोट वर करत होते. सहा वेळा तिनं करून पाहिलं. सहाही वेळा बरोबर.

दोनच महिन्यांपूर्वी मल्लाप्पा नावाच्या माणसाला तिनं प्रामाणिकपणे नापास केलं होतं. त्याला खात्यातून काढून नटबोल्टांच्या कोठारात पाठवलं. कामगार त्या कोठाराला पांजरपोळ म्हणत. मल्लाप्पा महिनाभर रोज जेवणाच्या सुट्टीत येऊन तिच्या खिडकीसमोर उभा राहायचा. बोलायचा काही नाही. डबा हातात तसाच. एक दिवस तो यायचा थांबला, तेव्हा तो रजेवर आहे की आणखी काही, हे विचारायची तिला हिंमत झाली नाही.

म्हणून तिनं वाकून पिन उचलली, यंत्रात खोचली आणि नरसिंहरावांच्या कार्डावर लिहिलं : वीस. म्हणजे निर्दोष. पुढं दर वर्षी वीस, वीस, पंचवीस, वीस. सगळ्या खात्याचं तसंच. तिनं ते दयेनं केलं असं ती स्वतःला सांगत आली. या दयेला काही कष्ट नव्हते. फक्त खुर्ची होती तशी ठेवायची होती. नव्वद अंशांनी वळवली असती तर संपलं असतं.

ती भौतिकशास्त्र शिकलेली होती. मोजमाप म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं. आतल्या कानात केसांसारख्या तंतूंच्या पेशी असतात. माणसाचं कातडं पुन्हा येतं, नख येतं, मोडलेलं हाड जुळतं. या पेशी एकदा मेल्या की मेल्या. त्या मरतात त्याही ठरावीक क्रमानं. आधी वरचे सूर जातात, पाखरांचे, पैंजणांचे, भोंग्याचे. बोलणं त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. तेवढ्या वर्षांत माणूस वाचवता येतो. तपासणी असते ती त्यासाठीच. नरसिंहरावांचे वरचे सूर तिसऱ्या वर्षी गेले असणार. उरलेलं सगळं तेव्हा शाबूत असणार. असणार, एवढंच तिला म्हणता येत होतं, कारण खरा आकडा तिनं घेतलाच नव्हता.

बुधवारी सकाळी श्रीरंगसाहेबांनी बोलावलं. ते कार्मिक अधिकारी. फार हळू बोलत. त्यांच्या केबिनमध्ये कुणाला आवाज चढवावा लागत नसे.

"बाय-टू सांगू का मॅडम? पूर्ण कॉफी मी सोडलीय."

अर्धी अर्धी कॉफी आली. त्यांनी फाइल उघडली. वर नरसिंहरावांची वीस कार्डं, तिच्या अक्षरातली. खाली कानात घालायच्या पिवळ्या बोळ्यांच्या वाटपाची यादी, नरसिंहरावांच्या सह्यांसकट. दर तिमाहीला एक जोडी. ते बोळे कुणी घालत नसे. घालणाऱ्याला 'बाळंतीण' म्हणून चिडवत. शारदाबाई त्यांची बुचं करून दिव्याच्या तेलाच्या बाटलीला लावत, हे तिला त्यांनीच हसत सांगितलं होतं.

सगळ्यात खाली एक पत्रक होतं. तिनं ते लगेच ओळखलं. नऊ वर्षांपूर्वी सुरक्षा सप्ताहासाठी तिनंच तयार केलेलं : रोजच्या आवाजापासून कान जपा. मिक्सर, हॉर्न, फटाके, लग्नातला बँड, कानात घालून ऐकायची गाणी, पिठाची गिरणी. हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर तो आवाज घातक समजा. मशीन लावून ठेवायची असेल तर दार लावा, लांब जा, मधून मधून कानाला विसावा द्या. तिनं त्यासाठी आठ दिवस खपून एक तक्ता केला होता. पत्र्याच्या खात्याचीही एक ओळ होती. ती साहेबांनी काढून टाकली होती. खात्याचं नियमात आहेच, म्हणाले, लोकांना घरचं सांगा.

"फार छान लिहिलंय तुम्ही," श्रीरंग म्हणाले. "चामराजपेटेत राहतात ना ते? घराखाली पिठाची गिरणी. पुढं रस्ता, बस, रिक्षा. कोपऱ्यावर मंडप. तुमच्या यादीतलं सगळंच आहे तिथं."

"ती गिरणी बारा वर्षं बंद आहे."

"होती ना पण?"

त्यांनी कॉफीचा पेला खाली ठेवला.

"मॅडम, माझं काम सोपं आहे. कार्डं बरोबर असतील तर कान कारखान्याबाहेर गेले. कार्डं चूक असतील तर मला एकट्या नरसिंहरावांचं कार्ड चूक असं लिहिता येणार नाही. त्या खात्याची एकशे चाळीस कार्डं आहेत. तुमच्या दामोदरांचंही त्यातच आहे. या महिनाअखेर निवृत्त होतात ना ते? आणि मग आपल्या प्रशिक्षण शाळेत? तिथं कान उत्तम लागतात म्हणे. ते मशीनचा दोष नुसतं ऐकून सांगतात असं मी सगळ्यांकडून ऐकतो." त्यांनी फाइल मिटली. "तुमची निवृत्ती जूनमध्ये. मी काही सांगत नाही. तुम्हाला जे खरं वाटतं तेच सांगा."

ती खाली आली तेव्हा रक्षिता, तिच्या जागी येणारी मुलगी, नवं यंत्र खोक्यातून काढत होती. ते आपणच सूर सोडायचं, वाटेल तेव्हा, वाटेल तेवढ्या वेळानं, दिवा नव्हताच. "एक तारखेपासून सुरू करा म्हणालेत सर," रक्षिता म्हणाली. मग खोलीकडं बघून, "मॅडम, तुमची चेअर अशी समोर का? पेशंटला सगळं दिसत असेल ना. कॉलेजात पहिल्याच दिवशी सांगतात." आणि तिनं खुर्ची एका हातानं वळवली. तिला काही कष्ट पडले नाहीत. सुलभानं बघितलं. खुर्चीच्या पायांखालची फरशी चार ठिकाणी पांढरी राहिली होती.

बनशंकरीला घरी पोचली तेव्हा टीव्हीचा आवाज जिन्यात येत होता. दामोदर पाठमोरा बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होता. आत कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या होत्या कोण जाणे. डाळीचा करपट वास सुटला होता. तिनं गॅस बंद केला. मग बाहेर येऊन रिमोटनं टीव्ही बंद केला आणि त्याच्या मागं एक मीटरवर उभी राहिली. अंतर तिनं डोळ्यांनी मोजलं. आवाज नेहमीच्या बोलण्याचा ठेवला.

"अहो, तुम्हाला ऐकू येत नाही."

तो शेंगा सोलत राहिला.

"तुम्हाला काहीच ऐकू येत नाही. मला माहीत आहे. मी लिहिलं नाही."

एक शेंग किडकी निघाली. त्यानं ती बाजूला ठेवली. मग टीव्ही बंद पडलेला पाहून वळला.

"आलीस होय? दिवे गेले का?"

ती समोर येऊन बसली, उजेडात, तोंड त्याच्याकडं करून. अशी ती पाच-सहा वर्षं बसत होती. तो कशामुळं नीट बोलतो हे त्यालाही कळू न देता.

"नरसिंहराव आले होते. उद्याचं सांगायला."

"त्याचं काय? तेव्हा बोट वर करायला कुणी सांगितलं होतं त्याला? आणि आता रडतोय."

"तुम्हीच शिकवलंत म्हणाले एकदा. चष्म्याचं."

"मी कशाला शिकवीन? मला काय गरज? माझे कान बघ, अजून बेअरिंग कुठलं गेलंय ते फाटकावरून सांगतो."

बेअरिंग गेलं की मशीन थरथरतं आणि तळव्याला कळतं. हे तिला माहीत होतं. त्याला माहीत होतं का, ते तिला कधी समजलं नाही.

"वीस वर्षं ते पत्र्याच्या पोटात बसत होते," ती म्हणाली. "बाहेरून मारत कोण होतं?"

दामोदरनं शेंगा खाली ठेवल्या. त्यांची जोडी होती. तो बाहेर रिव्हेट मारायचा. नरसिंहराव लहान चणीचे, म्हणून आत शिरून पाठीमागं लोखंडी ठोकळा धरायचे. पत्र्याच्या बंद नळकांड्यात. आतल्यानं पत्र्यावर ठोकून खूण करायची. दोन ठोके म्हणजे पुन्हा मार, एक ठोका म्हणजे बसला, पुढं चल.

"कुणीतरी आत बसायलाच हवं होतं," तो म्हणाला. "कुणी बोलला का कधी? आणि तू काय सांगणार आहेस तिथं? चाळीस वर्षं मी केली नोकरी, ती खोट्या कार्डावर, असं? पोरांना शिकवायला बोलावतायत मला. त्यांच्यासमोर तू मला बहिरा करणार?"

"मी करणार?"

त्यानं तिच्या ओठांकडं पाहिलं, डोळ्यांकडं नाही. मग बोटाचं पेर वाकवून टेबलावर एक ठोका दिला. एकच.

गुरुवारी तिसऱ्या मजल्यावर लांब टेबलाशी तिघं बसले होते. मधे चौकशी अधिकारी, डावीकडं श्रीरंग, कडेला टिपण घेणारा कारकून. पूर्वेच्या खिडकीतून ऊन येत होतं. समोर नरसिंहराव, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, वरच्या बटणापर्यंत बंद. शारदाबाईंना आत येऊ दिलं नव्हतं. पक्षकार एकटाच, असा नियम होता. सगळं बोलणं इंग्रजीत आणि हळू चाललं होतं. काय चाललंय ते सांगायला नरसिंहरावांच्या कानाशी कुणी नव्हतं. ते खुर्चीच्या कडेवर बसले होते, पाठ ताठ करून. सुलभा आत येताच त्यांचा चेहरा उजळला.

तिला त्यांच्या अगदी समोरची खुर्ची मिळाली.

"ही कार्डं तुमच्या अक्षरात आहेत?"

"हो."

"सह्या तुमच्या?"

"हो."

अधिकारी पान उलटत होता. घाई कुणालाच नव्हती. नरसिंहरावांनी हात मांडीवर ठेवले होते. ते तिच्या ओठांकडं बघत नव्हते. ओठ वाचायला ते कधी शिकलेच नव्हते. वीस वर्षांत त्यांनी वाचायला शिकलेली गोष्ट एकच होती, आणि ते तिथंच बघत होते.

वाक्य तिच्याजवळ तयार होतं. रात्रभर तिनं ते घासून लहान केलं होतं. या माणसाचं ऐकणं मी कधी मोजलंच नाही. एवढंच.

"तपासणी नियमानुसार झाली, आणि हे आकडे बरोबर आहेत?"

श्रीरंग खिडकीबाहेर बघत होते.

"हो," सुलभा म्हणाली. "बरोबर आहेत."

बोलताना तिची मान हलली. खिडकीतलं ऊन तिच्या चष्म्याच्या काचांवर लागलं असावं.

नरसिंहरावांचा उजवा हात मांडीवरून उठला आणि त्यांनी तर्जनी वर केली.

अगदी वेळेवर. चेहऱ्यावर समाधान होतं. अक्का बोलल्या होत्या. मान हलवून, सगळ्यांसमोर. काय बोलल्या ते त्यांना माहीत होतं.

"त्यांना काही म्हणायचंय का?" अधिकाऱ्यानं विचारलं.

सगळे तिच्याकडं बघू लागले. त्यांची भाषा तिलाच येते असं बहुधा त्यांना वाटलं. ते खरंही होतं.

"नाही," ती म्हणाली. "ऐकू आलं, असं म्हणतायत."

"लिहून घ्या," श्रीरंग कारकुनाला हलक्या आवाजात म्हणाले. "साक्ष ऐकून अर्जदारानं हात वर करून संमती दर्शवली. अर्जदाराला साक्ष ऐकू आली."

कारकुनानं लिहून घेतलं. पेनाची खरखर तिला ऐकू येत होती. एसीची घरघर, खाली फाटकापाशी वळणाऱ्या बसचा ब्रेक, दाराबाहेर शारदाबाईंच्या बांगड्या. तिचे कान उत्तम होते. तिनं ते नेहमी जपले होते.

बोट वरच होतं. आवाज थांबला की खाली घ्यायचं, हे तिनंच पहिल्या दिवशी शिकवलं होतं. ते वाट बघत होते.

तिनं चष्मा काढला, मिटला आणि टेबलावर पालथा ठेवला. समोरचा माणूस आता पांढऱ्या शर्टाचा एक पुसट डाग होता. त्या डागातून काहीतरी हळूहळू खाली आलं आणि मांडीवर जाऊन थांबलं.